आदिविश्वाची कसोटी

(शताब्दीनिमित्त मलकपेठ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मलकपेठेत दोन गोष्टींचा शेजार मोठा गमतीचा आहे. हैदराबाद संस्थानाचे एकेकाळचे दिवाण सर आस्मान जाह यांनी गेल्याच्या मागच्या शतकात टेकाडावर बांधलेला आस्मानगढ, आणि त्याच बाजूला उभा असलेला टी.व्ही. टॉवर. एकाच्या नावातच आकाश आहे. दुसऱ्याचा सारा व्यवहारच आकाशातून जाणाऱ्या लहरींचा. छपराछपरांवर अँटेना होत्या त्या काळात कार्यक्रम संपला, किंवा वाऱ्याने अँटेना फिरली, की पडद्यावर मुंग्या येत. घरातले एखादे पोर गच्चीवर धावे आणि खालून ‘आणखी थोडी डावीकडे’ असा पुकारा होई. त्या मुंग्यांपैकी बहुतेक आपल्या अवतीभवतीच्या, संचातल्या आणि वातावरणातल्या. परंतु शंभरात साधारण एक मुंगी अशी होती की जिचा उगम मलकपेठेत नव्हता, पृथ्वीवरही नव्हता. ती तेरा अब्ज वर्षांहून अधिक प्रवास करून आलेली होती. अँटेना कितीही फिरवली तरी ती जाण्यासारखी नव्हती, कारण ती सर्व दिशांनी सारखीच येत होती.

हाच अनुभव अमेरिकेतल्या होल्मडेल येथे पेन्झियस आणि विल्सन या दोघांना १९६४ मध्ये आला. त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर सतत ऐकू येई. आत कबुतरांनी घरटे केले होते. चारमिनारच्या परिसरात राहणाऱ्यांना कबुतरांचा प्रताप सांगायला नको! कबुतरे हाकलली, विष्ठा धुऊन काढली, तरी खरखर तशीच. १९६५ मध्ये तिचा अर्थ प्रसिद्ध झाला आणि १९७८ मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. विश्व तापलेल्या आणि दाट अवस्थेत असताना कोंडलेला प्रकाश, विश्व सुमारे तीन लाख ऐंशी हजार वर्षांचे झाल्यावर मोकळा झाला. तेव्हा त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर तीन हजार अंश होते. विश्व प्रसरण पावत गेले, तसा तो निवत निवत आज २.७२५ अंशांवर आला आहे. यालाच सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण म्हणतात. पुढे आपण नुसते पार्श्वप्रारण म्हणू.

आकाशाची मोजदाद या शहराला नवी नाही. याच बाजूला, मुसीच्या दक्षिणेला फिसलबंड्यावर, नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये पंधरा इंची दुर्बिणीसह वेधशाळा उभारली. तीच पुढे निजामिया वेधशाळा म्हणून ओळखली गेली. आकाशाच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र-नकाशाच्या कामात तिच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यातल्या साडेचार लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने तिने मोजून छापली. काचेच्या पट्टिकांवरचा एकेक ठिपका मोजणाऱ्या त्या माणसांची नावे फारशी कुणाला ठाऊक नाहीत. पण नंतरच्या पिढ्यांनी तारे बाजूला सारून ताऱ्यांमागची पार्श्वभूमी मोजायला घेतली, तेव्हा लागणारी चिकाटी त्याच जातीची होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पार्श्वप्रारण सर्व दिशांनी सारखे आहे, हीच त्याची अडचण आहे. ग्रंथांच्या सहवासात राहणाऱ्यांना ती एका दाखल्याने लगेच पटेल. समजा, एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या दोन मठांत ज्ञानेश्वरीच्या दोन पोथ्या सापडल्या. त्या मठांचा एकमेकांशी कधी संबंध आल्याचा पुरावा नाही. रस्ता नाही, निरोप नाही. आणि तरीही लाख अक्षरांत एखाद्या अक्षराचाच पाठभेद! संशोधक काय म्हणेल? योगायोग म्हणणार नाही. दोन्ही पोथ्या एकाच मातृकेवरून उतरल्या आहेत, असे तो म्हणेल. आकाशात नेमके हेच दिसते. पूर्णचंद्राच्या रुंदीच्या चौपट-पाचपट अंतरावर असलेले आकाशाचे दोन भाग घेतले, तर प्रकाश मोकळा झाला त्या वेळेपर्यंत त्यांच्यात प्रकाशालासुद्धा ये-जा करण्याइतका अवधी मिळाला नव्हता. तरी त्यांचे तापमान लाखात एका भागाच्या फरकाने जुळते. मग त्यांची मातृका कोणती?

अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलन गुथ यांनी १९८१ मध्ये एक उत्तर प्रसिद्ध केले. रशियातल्या स्टारोबिन्स्की यांनी १९८० मध्येच वेगळ्या वाटेने जवळपास तेथे पाऊल ठेवले होते. लिंडे, तसेच आल्ब्रेख्ट व स्टाइनहार्ट यांनी पुढच्या काळात गुथ यांच्या मांडणीतले दोष काढले. उत्तर असे : अगदी आरंभी, सेकंदाच्या कल्पनेपलीकडच्या सूक्ष्म अंशात, विश्व प्रचंड वेगाने फुगले. निदान एकावर सव्वीस शून्ये इतक्या पटीने. आज दूर दिसणारे भाग त्या फुगण्यापूर्वी एकमेकांना लागून होते, म्हणून ते सारखे. इंग्रजीत या फुगण्याला दिलेला शब्द अर्थशास्त्रात महागाईला वापरतात तोच आहे, आणि गुथ यांनी तो योजला त्या वर्षांत अमेरिकेत महागाई कडाडलेलीच होती. मराठीत ‘चलनवाढ’ म्हटले तर हसू येईल. ‘स्फीती’ हा शब्द रूढ होऊ लागला आहे आणि तो चांगला आहे; ओठांतही बसतो.

पण सारखेपणा समजावून देणे हे अर्धेच काम. आधी ठाऊक असलेली गोष्ट नंतर समजावून सांगणे कोणालाही जमते. स्फीतीचे खरे भाकीत पाठभेदांविषयी आहे. पुंजभौतिकीच्या नियमांप्रमाणे त्या अतिसूक्ष्म विश्वात क्षणोक्षणी चढउतार होणारच; स्फीतीने ते ताणून मोठे केले, आणि त्यांतूनच पुढे दीर्घिका आणि दीर्घिकांचे समूह निर्माण झाले. तर मग पार्श्वप्रारणातही त्यांचे ठसे असले पाहिजेत. केवढे? लाखात एक भाग. कसे? लहानमोठ्या सर्व मापांवर जवळपास सारख्या जोराचे. पण अगदी सारखे नव्हेत, मोठ्या मापावर किंचित अधिक. शिवाय त्या क्षणी गुरुत्वलहरीही उठल्या असतील, तर त्यांची खूण प्रारणाच्या ध्रुवीकरणात, एका विशिष्ट भोवऱ्यासारख्या आकृतीत, सापडायला हवी. स्फीतीची प्रारूपे पुष्कळ आहेत. प्रत्येकाचे हे आकडे थोडे थोडे वेगळे येतात, आणि म्हणूनच त्यांना कसोटीवर घासता येते.

मराठी ग्रंथालयाच्या शताब्दीत हा विषय कशासाठी, असे एखाद्याच्या मनात आले असेल. कारण आपल्याच कपाटांत आहे. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही पुस्तके ज्यांनी लिहिली, त्या डॉ. जयंत विष्णू नारळीकरांचे सारे आयुष्य या कसोटीच्या एका बाजूला उभे राहण्यात गेले. आणि ती बाजू गर्दीची नव्हती.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी केलेली! नाव पाहून परीक्षकांनी कौल देऊ नये, कथा पाहून द्यावा, एवढाच हेतू. हा किस्सा आपल्याकडे कौतुकाने सांगितला जातो. परंतु त्यात त्यांच्या विज्ञानाचा स्वभावही आहे. ज्याची परीक्षा करायची त्याचे नाव झाकून ठेवावे.

त्यांचे गुरू केंब्रिजचे फ्रेड हॉईल. ‘महास्फोट’ या अर्थाचा इंग्रजी शब्द हॉईल यांनीच १९४९ मध्ये रेडिओवरच्या भाषणात योजला, आणि तो सिद्धान्त त्यांनी आयुष्यभर मानला नाही. विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावते आणि रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते, असा त्यांचा स्थिरस्थिती सिद्धान्त. १९६१ च्या फेब्रुवारीत मार्टिन रायल यांनी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत रेडिओ-स्रोतांची मोजणी पुढे ठेवून तो खोटा ठरवला, तेव्हा हॉईल यांच्या बाजूने उत्तर द्यायला उभा राहिला तो बावीस वर्षांचा नारळीकर. कोल्हापूरला जन्मलेला, काशीत वाढलेला मुलगा लंडनच्या त्या सभेत एकट्याने उभा आहे, हे चित्र मराठी मनाला भुरळ घालते. पण वाद त्या दिवशी जिंकला गेला नाही, आणि चार वर्षांनी पार्श्वप्रारण सापडल्यावर स्थिरस्थितीच्या पायाखालची वाळू सरकली.

येथे इतिहासाची एक थट्टा आहे. स्थिरस्थितीच्या विश्वाचे प्रसरण गणिताने जसे लिहितात, तसेच स्फीतीतले प्रसरणही लिहितात. एकात ते सदासर्वकाळ चालते, दुसऱ्यात क्षणाच्या अंशापुरते. अशा प्रसरणात सुरुवातीच्या विषमता धुतल्या जातात, हे हॉईल आणि नारळीकर यांनी १९६३ मध्येच दाखवले होते. गुथ यांच्या अठरा वर्षे आधी! म्हणून स्फीतीचा शोध त्यांनी लावला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि आपल्याकडे अशी अतिशयोक्ती करणारे कमी नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा होता, त्यांची चौकट वेगळी होती. पण जी कल्पना पुढे प्रतिपक्षाचे मुख्य शस्त्र झाली तिची धार त्यांच्या हाताखालून गेली होती, एवढे खरे.

१९८८ मध्ये पुण्याला विद्यापीठाच्या आवारात आयुका ही संस्था स्थापन झाली आणि नारळीकर तिचे संस्थापक-संचालक झाले. १९९१ मध्ये त्यांनी थानू पद्मनाभन यांच्यासह स्फीतीवर एक विस्तृत समीक्षालेख लिहिला. त्यात स्फीतीची बाजू नीट मांडून मग तिच्या उणिवांवर बोट ठेवले आहे. प्रयोगशाळेत कधीही न तपासलेल्या ऊर्जेवरच्या भौतिकीवर एवढा इमला उभारावा काय, आणि एक जुळवाजुळव टाळण्यासाठी दुसरी जुळवाजुळव आणावी काय, अशी त्यांची हरकत. पुढच्याच वर्षी, १९९२ च्या एप्रिलमध्ये, कोबे या उपग्रहाने पार्श्वप्रारणातले लाखात एक भागाचे चढउतार टिपल्याचे जाहीर झाले. जगभर जल्लोष झाला. नारळीकर जल्लोषात सामील झाले नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासह स्थिरस्थितीची सुधारलेली आवृत्ती मांडली : विश्व दीर्घकाळ वाढत राहते, पण मध्ये मध्ये आकुंचन-प्रसरणाची आवर्तने होतात, पार्श्वप्रारण म्हणजे मागच्या आवर्तनांतल्या ताऱ्यांचाच प्रकाश, अवकाशातल्या लोखंडाच्या केसासारख्या बारीक कणांच्या धुळीने शोषून पुन्हा सोडलेला.

बहुतेकांना ही धूळ डोळ्यांत फेकल्यासारखी वाटली. संचालकच असा पाखंडी, तर त्या संस्थेत काय चालले असेल? याचे उत्तर या विषयातले सर्वांत मोलाचे आहे. आयुकात तरुण सौरदीप आणि त्यांचे विद्यार्थी पार्श्वप्रारणाचेच विश्लेषण करीत होते, तेही महास्फोटाच्या चौकटीत. सौरदीप आणि अमीर हाजियान यांनी २००३ मध्ये एक गणिती साधन पुढे ठेवले. पार्श्वप्रारणाचे चढउतार आकाशाच्या सर्व दिशांना संख्याशास्त्राच्या दृष्टीने खरोखरच सारखे आहेत काय, हे त्याने तपासता येते. २००६ मध्ये राजीब साहा, पंकज जैन आणि सौरदीप यांनी डब्ल्यूमॅप या उपग्रहाच्या आकड्यांतून चढउतारांचा आलेख काढला. आपल्या आकाशगंगेच्या धुळीविषयी आणि रेडिओ-गोंगाटाविषयी आधी कोणतेही गृहीत न धरता! अशा पद्धतीला शास्त्रज्ञ ‘आंधळी’ म्हणतात. नारायण विनायक जगताप यांना ती आवडली असती.

आणि २००३ मध्येच एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक : नारळीकर, विश्वकर्मा, हाजियान, सौरदीप, बर्बिज आणि हॉईल. हॉईल तोवर, २००१ मध्ये, निवर्तले होते. स्थिरस्थितीच्या नव्या आवृत्तीत पार्श्वप्रारणाचे चढउतार कसे येतील याचे गणित त्यात मांडले आहे. आकाशात सुमारे एक अंश मापावर चढउतारांचे जे पहिले शिखर दिसते ते दीर्घिकासमूहांच्या मापावरून जुळवून दाखवले आहे. स्फीतीला अनुकूल काम करणारे तरुण संशोधक संचालकांच्या प्रतिकूल सिद्धान्ताचे गणित मांडायला त्यांच्या शेजारी बसले, आणि संचालकांनी आपला सिद्धान्त त्याच गजाने मोजायला दिला. निकाल मात्र अनुकूल लागला नाही. त्याच वर्षी आलेल्या डब्ल्यूमॅपच्या आकड्यांनी आणि नंतरच्या प्लँक उपग्रहाने एकामागून एक शिखरे आणि त्यांना अनुरूप ध्रुवीकरण दाखवले. महास्फोटाच्या चौकटीत ती मोजक्या सहा आकड्यांनी जुळतात. धुळीच्या प्रारूपाला तेवढी नेमकी सांगड घालता आली नाही, आणि विश्वशास्त्रज्ञांच्या मोठ्या समुदायाने ते स्वीकारले नाही. नारळीकरांनी आपले मत सोडले नाही. यात हट्ट होता काय? थोडा असावा. हॉईल यांच्यावरची निष्ठाही असावी. शिष्याची निष्ठा आणि शास्त्रज्ञाची निष्ठा यांचा पेच सुटायला सोपा नसतो.

स्फीतीची बाजूही वाटते तितकी निर्वेध राहिली नाही. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या प्रयोगाच्या चमूने गुरुत्वलहरींची भोवऱ्याची खूण सापडल्याचे जाहीर केले. त्यांनी काढलेला गुरुत्वलहरींचा वाटा ०.२ होता, अपेक्षेहून मोठा. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर विश्वाचा जन्मक्षण छापला. पण प्लँकच्या आकड्यांशी ताडून पाहिल्यावर, २०१५ च्या आरंभी, ती खूण मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची निघाली. धूळ! ज्या धुळीचे नाव काढले म्हणून पुण्याच्या शास्त्रज्ञाची चेष्टा झाली, तिनेच स्फीतीवाद्यांना चकवले. ही लोखंडी कणांची धूळ नव्हे, हे खरे. त्यामुळे नारळीकरांचे प्रारूप सिद्ध झाले नाही. तरीही अग्रभागीची धूळ आधी झाडा, मग पार्श्वभूमीबद्दल बोला, हा पाठ त्या वर्षी सर्वांनी गिरवला.

प्लँकने २०१८ मध्ये दिलेल्या अखेरच्या आकड्यांत मोठ्या मापावरच्या चढउतारांचा किंचित अधिक जोर स्पष्ट दिसतो. सर्व मापांवर जोर अगदी सारखा असता तर जो अंक १ आला असता तो ०.९६५ आला, चूक ०.००४ इतकीच संभवते. स्फीतीचे हे भाकीत उतरले. गुरुत्वलहरी मात्र दिसल्या नाहीत. २०२१ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्याच प्रयोगांनी त्यांचा वाटा ०.०३६ हून कमी असल्याचे सांगितले. त्याबरोबर लिंडे यांचे सर्वांत साधे, पाठ्यपुस्तकांत पहिले शिकवले जाणारे प्रारूप बाद झाले, कारण त्याला याच्या तिप्पट-चौपट वाटा हवा होता. टिकले ते १९८० मधले स्टारोबिन्स्की यांचे. त्याचे भाकीत ०.००४ च्या आसपासचे. म्हणजे कसोटीने एका घराण्यातल्या काही मुलांना नापास केले, घराणे शाबूत राहिले.

आणि येथेच नारळीकरांचा जुना प्रश्न नव्या तोंडाने पुढे आला. प्रारूपे इतकी की कोणताही आकडा आला तरी एखादे जुळतेच, तर मग स्फीतीला खोटे ठरवायचे कसे? २०१७ मध्ये असे विचारणाऱ्या तिघांत स्टाइनहार्ट होते. स्फीतीच्या शिल्पकारांपैकीच एक! त्यांना गुथ, लिंडे, हॉकिंग यांच्यासह तेहतीस शास्त्रज्ञांनी उत्तर दिले की एकेक प्रारूप तपासता येते आणि ते तपासले जात आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण हा वाद पाखंड्यांनी नव्हे, घरच्यांनीच घातला, याची नोंद घ्यायला हवी.

प्रतिपक्षाला जो गज, तोच स्वतःला, या वृत्तीची आणखी दोन उदाहरणे सांगून पुढे जाऊ. एक आपल्या शहराचे. अवकाशातून जीवाणू पृथ्वीवर येतात काय, या हॉईल यांच्या प्रिय कल्पनेची परीक्षा घेण्यासाठी २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून मोठे फुगे सोडले गेले. या प्रकल्पात नारळीकर अग्रभागी होते. दुसऱ्या फुग्याने वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली; तिची तपासणी हैदराबाद आणि पुणे येथे स्वतंत्रपणे झाली. २००९ मध्ये तीन नव्या जातींचे जीवाणू सापडल्याचे जाहीर झाले. एकाला हॉईल यांचे नाव दिले. पण ते अवकाशातूनच आले असे यावरून निश्चित सिद्ध होत नाही, हे त्याच निवेदनात सांगितले होते. दुसरे उदाहरण फलज्योतिषाचे. डॉ. नरेंद्र दाभोलकर प्रभृतींसह त्यांनी २००८ मध्ये ज्योतिषांना हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या, नावे झाकून, ओळखायला दिल्या. उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस जणांचे सरासरी यश ४६ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नास मिळाले असते.

शाळकरी मुले सही मागायला येत तेव्हा नारळीकर सही देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल, असे सांगत. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, पण प्रकृतीमुळे तेथे जाता आले नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्ये, चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या दुर्बिणीचे नवे आकडे प्रसिद्ध झाले होते. प्लँकच्या आणि दीर्घिकांच्या मोजणीच्या आकड्यांशी ते एकत्र केले की तो ०.९६५ चा अंक ०.९७४ पर्यंत सरकतो. तेवढ्या सरकण्याने आजवर निर्धास्त असलेले स्टारोबिन्स्की यांचे प्रारूपही अडचणीत येते. आकडे एकत्र करण्याची ही रीत बरोबर की चूक, यावर आता पुन्हा शोधनिबंध लिहिले जात आहेत. भारतीय शास्त्रज्ञांनीही पार्श्वप्रारणाच्या ध्रुवीकरणासाठी स्वतंत्र उपग्रहाचा प्रस्ताव २०१८ मध्ये इस्रोपुढे ठेवला. तो मांडणाऱ्यांत आयुकात तयार झालेली माणसे आहेत. गुरुत्वलहरींची ती भोवऱ्यासारखी खूण अजून कोणालाही दिसलेली नाही.